धरणात किती पाणी वाढलं? दोन तारखांमधला फरक काढणारी क्वेरी

जुलै उजाडला की आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, "ताई, आठवड्यात किती वाढलं?" मी उलट विचारते, "कोणत्या आठवड्यात?" त्यांना वाटतं मी मुद्दाम पुणेरीपणा करतेय. पण सोमवार ते सोमवार, आज आणि सात दिवसांपूर्वी, की शेवटच्या सात नोंदी? या तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि प्रत्येकीची क्वेरीही वेगळी असते. दोन तारखा नक्की झाल्याशिवाय मी कीबोर्डला हात लावत नाही. फरकाच्या क्वेरीत जे घोळ होतात, त्यातले बहुतेक वजाबाकीत होत नाहीत. कशातून काय वजा करायचं हेच ठरलेलं नसतं, म्हणून होतात.

मी धायरीला राहते, रिपोर्ट काढण्याची नोकरी खराडीला, आणि हौस म्हणून खडकवासला साखळीतल्या चार धरणांचे सकाळचे आकडे घरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरून ठेवते. टेबल अगदी साधं आहे. नाव धरणसाठा, कॉलम तीन: धरण, तारीख, साठा. साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत.

पोस्टग्रेसला टेबलांची आणि कॉलमांची नावं देवनागरीत चालतात, म्हणून मी तशीच ठेवली आहेत. सिलेक्ट, फ्रॉम वगैरे शब्द आणि आकडे मात्र रोमनमध्येच टंकावे लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत लिहिते आहे.

टेबल बनवतानाच दोन गोष्टी करून टाका. साठ्याचा कॉलम न्यूमेरिक ठेवा, फ्लोट नको. नाहीतर ६.२५ मधून ५.४५ वजा केल्यावर उत्तराला नको ती दशांशांची शेपटी लागते. आणि धरण-तारीख या जोडीवर युनिक बंधन घाला. पावसाळ्यात एकाच दिवशी सकाळचा आणि संध्याकाळचा असे दोन आकडे हाती येतात. दोन्ही आत शिरले की त्या दिवसाचा फरक कशाशी काढला, हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही.

तारीख भरताना वर्ष आधी लिहा. पानशेत फुटलं तो दिवस १२ जुलै १९६१. तो '१२-०७-१९६१' असा दिलात तर मूळ सेटिंगवरचं पोस्टग्रेस त्याला ७ डिसेंबर समजेल, कारण ते महिना आधी वाचतं. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत हे बिनबोभाट चालतं आणि १३ तारखेला एरर येते. तोवर बारा नोंदी वर्षभर विखुरलेल्या असतात. '१९६१-०७-१२' असं लिहिलं की प्रश्नच मिटतो.

आता मुख्य क्वेरी.

सिलेक्ट धरण, तारीख, साठा,
  साठा - लॅग(साठा) ओव्हर (पार्टिशन बाय धरण ऑर्डर बाय तारीख) अ‍ॅज फरक
फ्रॉम धरणसाठा
ऑर्डर बाय धरण, तारीख;

लॅग मागच्या ओळीतली किंमत आणून देतं. पार्टिशन बाय धरण विसरलात तर पानशेतच्या आकड्यातून खडकवासल्याचा आकडा वजा होईल, आणि क्वेरी मात्र तक्रार न करता चालेल. कंसातलं ऑर्डर बाय मागची ओळ कोणती ते ठरवतं. शेवटचं ऑर्डर बाय फक्त दाखवण्यापुरतं. पहिल्या ओळीला मागे कोणी नाही, म्हणून तिथे नल, म्हणजे 'किंमतच नाही', असं येतं. ते तसंच राहू द्या. लॅगला तिसरी किंमत म्हणून शून्य देण्याची सवय काहींना असते. तसं केलं की पहिल्या दिवशी पाच टीएमसीची वाढ दिसते आणि आलेखाला सुरुवातीलाच सुळका फुटतो.

हे सगळीकडे चालतं, फक्त आवृत्ती बघून घ्या. पोस्टग्रेसमध्ये लॅग २००९ च्या ८.४ पासून आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आणि एसक्यूएलाइटमध्ये ३.२५ पासून, या शेवटच्या दोन्ही २०१८ च्या. मायएसक्यूएल ५.७ वर अडकलेल्यांनी खालची जॉइनची पद्धत वापरावी, फक्त तिथे तारीख - १ च्या जागी तारीख - इंटरव्हल १ डे असं लिहावं. मला स्वतःला पुष्कळदा तीच जास्त आवडते.

का आवडते, ते एका उदाहरणाने सांगते. आकडे समजावण्यापुरते आहेत. समजा पानशेतची ११ जुलैची नोंद ५.२० आहे, १२ जुलैची ५.४५. तेराला सुट्टी होती, कोणी आकडा भरला नाही. चौदाला ६.२५. वरची क्वेरी १४ जुलैसमोर ०.८० लिहील आणि वाचणारा म्हणेल, काल रात्री पाऊस झोडपून गेला. प्रत्यक्षात ती दोन दिवसांची वाढ आहे. लॅग म्हणजे रांगेत तुमच्या पुढे उभा असलेला माणूस; तो काल येऊन थांबलाय की परवा, हे रांगेला ठाऊक नसतं.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे साठ्याबरोबर मागची तारीखही ओढून आणणे.

विथ फ अ‍ॅज (
  सिलेक्ट धरण, तारीख, साठा,
    लॅग(साठा) ओव्हर खिडकी अ‍ॅज मागचा_साठा,
    लॅग(तारीख) ओव्हर खिडकी अ‍ॅज मागची_तारीख
  फ्रॉम धरणसाठा
  विंडो खिडकी अ‍ॅज (पार्टिशन बाय धरण ऑर्डर बाय तारीख)
)
सिलेक्ट धरण, तारीख,
  साठा - मागचा_साठा अ‍ॅज फरक,
  तारीख - मागची_तारीख अ‍ॅज दिवस
फ्रॉम फ;

आता चौदाच्या ओळीत ०.८० च्या शेजारी २ दिसेल. हवं तर भागून रोजची सरासरी ०.४० काढा, पण मग कॉलमचं नाव सरासरी असं स्पष्ट ठेवा. दिवस हा कॉलम मी रिपोर्टमधून कधीच काढत नाही. साहेब लोकांना तो नको असतो, तरीही.

"आज आणि काल" असाच प्रश्न असेल, तर टेबल स्वतःलाच जोडा.

सिलेक्ट आज.धरण, आज.तारीख, आज.साठा - काल.साठा अ‍ॅज फरक
फ्रॉम धरणसाठा आज
लेफ्ट जॉइन धरणसाठा काल
  ऑन काल.धरण = आज.धरण
  अँड काल.तारीख = आज.तारीख - १;

इथे चौदासमोर नल येईल. कालचा आकडाच नाही, तेव्हा फरकही नाही. हे उत्तर बरोबर आहे. सात दिवसांचा फरक हवा असेल तर १ च्या जागी ७. "काल"वरची कुठलीही अट व्हेअरमध्ये लिहू नका, ऑनमध्येच ठेवा. व्हेअरमध्ये गेली की नल असलेल्या ओळी गळतात आणि लेफ्ट जॉइनचा, म्हणजे जोडी नसली तरी डावीकडची ओळ राखण्याचा, अर्थच उरत नाही.

सेक्रेटरींना नल चालत नाही. "म्हणजे माहीत नाही म्हणू का लोकांना?" त्यांच्यासाठी तिसरी पद्धत: सात दिवसांपूर्वीची नोंद, आणि ती नसेल तर तिच्या आधीची सगळ्यात जवळची.

सिलेक्ट आज.धरण, आज.तारीख, जुनी.तारीख,
  आज.साठा - जुनी.साठा अ‍ॅज फरक
फ्रॉम धरणसाठा आज
लेफ्ट जॉइन लॅटरल (
  सिलेक्ट क.तारीख, क.साठा
  फ्रॉम धरणसाठा क
  व्हेअर क.धरण = आज.धरण
    अँड क.तारीख <= आज.तारीख - ७
  ऑर्डर बाय क.तारीख डेस्क
  लिमिट १
) जुनी ऑन ट्रू;

एसक्यूएल सर्व्हरवर लेफ्ट जॉइन लॅटरल आणि ऑन ट्रू यांच्या जागी नुसतं आउटर अप्लाय आणि लिमिटच्या जागी टॉप १ येतं. जुनी.तारीख हा कॉलम दिसू द्या, म्हणजे फरक सातचा आहे की नऊ दिवसांचा, हे वाचणाऱ्याला कळेल.

आलेखासाठी सलग तारखा लागतात तेव्हा जनरेट_सिरीजने तारखांची यादी बनवून तिला आकडे लेफ्ट जॉइन करा. मात्र रिकाम्या जागी आदल्या दिवसाचा आकडा भरायचा मोह टाळा. भरलात तर तेराला शून्य वाढ आणि चौदाला ०.८० दिसेल. रेघेत पडलेलं भोक त्यापेक्षा प्रामाणिक.

दुसरी एक जागा आहे जिथे चांगले अनुभवी लोकही फसतात. जूनचाच रिपोर्ट हवा म्हणून पहिल्या क्वेरीला व्हेअर तारीख >= '२०२४-०६-०१' जोडलं, की १ जूनचा फरक नल होतो. ३१ मेची नोंद टेबलात असते, पण व्हेअर आधी चालतं आणि लॅग नंतर. लॅगची पाळी येईपर्यंत मे महिना कापला गेलेला असतो. म्हणून फरक आतल्या विथमध्ये, संपूर्ण टेबलावर काढा आणि तारखेची चाळणी बाहेर लावा. टेबल मोठं असेल तर आत निदान एक महिना मागपासूनच्या ओळी घ्या.

आता चारही धरणांची बेरीज. शहराला पाणी पुरेल का, हे एकट्या खडकवासल्यावरून समजत नाही. पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी सोडलं की ते खडकवासल्यातच येतं. तिथली वाढ ही कधी पाऊस असते, तर कधी नुसती वरून खाली केलेली बदली. क्षमता बघा: वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी ते खडकवासला अवघं १.९७. एकूण २९.१५. बेरजेची क्वेरी अशी:

विथ रोज अ‍ॅज (
  सिलेक्ट तारीख, सम(साठा) अ‍ॅज एकूण
  फ्रॉम धरणसाठा
  ग्रुप बाय तारीख
  हॅविंग काउंट(साठा) = ४
)
सिलेक्ट तारीख, एकूण,
  एकूण - लॅग(एकूण) ओव्हर (ऑर्डर बाय तारीख) अ‍ॅज फरक,
  तारीख - लॅग(तारीख) ओव्हर (ऑर्डर बाय तारीख) अ‍ॅज दिवस
फ्रॉम रोज;

जीव आहे तो हॅविंगच्या ओळीत. ती नसेल आणि एखाद्या दिवशी वरसगावची नोंद राहिली, तर एका रात्रीत दहा-बारा टीएमसी पाणी नाहीसं झालेलं दिसेल आणि दुसऱ्या दिवशी परत आलेलं. काउंटमध्ये चांदणी न लिहिता साठा लिहिला आहे, कारण ओळ असली तरी आत नल असू शकतो.

टक्क्यांबद्दल थोडक्यात. वर्तमानपत्रात येणारा टक्का क्षमतेच्या मानाने असतो. ०.२० टीएमसी वाढ म्हणजे खडकवासल्याचे दहा टक्के, पण वरसगावचा जेमतेम दीड. कालच्या साठ्याच्या मानाने टक्का काढणार असाल तर टेमघरकडे लक्ष ठेवा. काही उन्हाळ्यांत ते जवळपास रिकामं झालेलं आहे आणि शून्याने भागलं की क्वेरी जागीच मरते. भाजकाला नलइफ(मागचा_साठा, ०) असं गुंडाळा, म्हणजे शून्याच्या जागी नल येईल. पण शून्याजवळच्या आकड्यावर "नऊशे टक्के वाढ" छापण्यापेक्षा टीएमसीच सांगितलेले बरे, असं माझं मत.

गेल्या वर्षीशी तुलना सगळ्यांनाच हवी असते. लॅग(साठा, ३६५) लिहू नका. एक नोंद राहिली असली किंवा मध्ये २९ फेब्रुवारी आला, की दिवस सरकतो. जॉइनमध्ये गेल्या.तारीख = (आज.तारीख - इंटरव्हल '१ इयर')::डेट असं लिहा. लीप वर्षात २८ आणि २९ फेब्रुवारी दोन्हींची जोडी मागच्या वर्षीच्या २८ शी लागते, ते चालवून घ्यायचं. महिन्याचंही तसंच: ३१ मार्चमधून एक महिना गेला की फेब्रुवारीचा शेवटचा दिवस येतो, आणि ३० मार्चमधून गेला तरी तोच. महिनाअखेरची तुलना करायची तर प्रत्येक महिन्याची शेवटची नोंद आधी वेगळी काढा आणि मग त्यांच्यावर लॅग लावा. धरणांच्या बाबतीत तर १ जानेवारीला काहीच अर्थ नाही. मी १५ ऑक्टोबर धरते: पाऊस परतलेला असतो, साठा किती जमला ते ठरून गेलेलं असतं आणि पुढच्या उन्हाळ्याचा हिशोब तिथून सुरू होतो.

दिवस मोजायचं फंक्शन प्रत्येक डेटाबेसचं वेगळं. मायएसक्यूएलच्या डेटडिफला नंतरची तारीख आधी द्यायची. एसक्यूएल सर्व्हरच्या डेटडिफला एकक, मग आधीची, मग नंतरची. शिवाय एसक्यूएल सर्व्हर ओलांडलेल्या सीमा मोजतं: ३१ डिसेंबर ते १ जानेवारी यात वर्ष विचारलं तर १ म्हणतं. पोस्टग्रेसमध्ये डेटमधून डेट वजा केली की पूर्णांक मिळतो, पण टाइमस्टँपमधून टाइमस्टँप वजा केला की इंटरव्हल. ओरॅकलच्या डेटमध्ये वेळही दडलेली असते, म्हणून तिथे अपूर्णांकातले दिवस निघतात.

वेळेवरून आठवलं. सोसायटीच्या टाकीत बसवलेला सेन्सर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंद करतो. आपण साडेपाच तास पुढे. सकाळी ५ ला पंप बंद झाल्यावरची नोंद यूटीसीत आदल्या रात्री ११.३० ची ठरते, म्हणजे तारीखच आदली. ग्रुप बाय करण्याआधी (वेळ अ‍ॅट टाइम झोन 'एशिया/कोलकाता')::डेट करा. कॉलम टाइम झोनशिवायचा असेल तर आधी अ‍ॅट टाइम झोन 'यूटीसी' आणि त्याला जोडून पुढे कोलकाता, असं दोनदा लिहावं लागतं. एकदाच लिहिलंत तर वेळ उलट्या दिशेने सरकते.

फ्लॅटच्या पाण्याच्या मीटरचं गणित त्याहून निराळं. तिथे आकडा चढतच जातो आणि मीटर बदललं की एकदम शून्याजवळ येतो. वजाबाकी उणे. काही जण अशा वेळी नवं रीडिंग हाच वापर धरतात. मग जुन्या मीटरवरचे शेवटचे दिवस फुकट जातात. मीटर बदलताना जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग दोन्ही नोंदवा, मीटर क्रमांकाचा कॉलम ठेवा, आणि पार्टिशन बाय फ्लॅट, मीटर असं लिहा.

परत धरणाकडे येते, कारण शून्य फरकाचा अर्थ सांगायचा राहिला. खडकवासला भरलेलं असतं तेव्हा रोजचा फरक ०.०० दिसतो आणि तिकडे पुण्यात मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली असतो. आलं तेवढं मुठेत सोडलं. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसभर सोडलं तर ८६,४०० घनफूट होतं. २०,००० क्युसेक दिवसभर म्हणजे १.७३ टीएमसी, जवळजवळ अख्खं खडकवासला. म्हणून आवक हवी असेल तर:

फरक + विसर्ग * ०.००००८६४ अ‍ॅज आवक

विसर्ग दिवसाच्या सरासरीचा घ्या आणि दिवस = १ असलेल्या ओळींनाच हे लावा. या आकड्यात कालव्यातून आणि शहरासाठी उचललेलं पाणी धरलेलं नाही. ते मिळालं तर त्याच एककात मिळवा. विसर्ग * ८६४०० / १०००००००००० असलं काही लिहू नका. पोस्टग्रेसमध्ये विसर्गाचा कॉलम इंटिजर असेल तर २४,८५५ क्युसेकच्या पुढे गुणाकारच मावत नाही आणि एरर येते. त्याच्या खाली एरर नाही, पण पूर्णांकांचा भागाकार दशांश खाऊन टाकतो. या नमुन्यातल्या भाजकात मी चुकून नाही, मुद्दाम एक शून्य जास्त लिहिलंय. इतकी शून्यं डोळ्यांनी मोजता येत नाहीत, हाही तो नमुना टाळण्याचा एक मुद्दा.

पाठवण्याआधी मी एक तपासणी करते. एका धरणाचे महिन्याचे सगळे फरक मिळवायचे. जूनचे मिळवले तर उत्तर ३० जूनचा साठा वजा ३१ मेचा साठा इतकंच आलं पाहिजे, मधल्या नोंदी गळलेल्या असल्या तरी. खालची फरकांची_यादी म्हणजे लॅगने संपूर्ण टेबलावर काढलेले फरक.

सिलेक्ट धरण, सम(फरक)
फ्रॉम फरकांची_यादी
व्हेअर तारीख बिटवीन '२०२४-०६-०१' अँड '२०२४-०६-३०'
ग्रुप बाय धरण;

लॅगच्या पद्धतीत हे दशांशापर्यंत जुळतं. नाही जुळलं तर आधी पार्टिशन बघा, मग दुहेरी नोंदी, मग व्हेअरची जागा. माझ्या अनुभवात याच क्रमाने सापडतं. "आज वजा काल"च्या जॉइनवर मात्र ही तपासणी लावू नका. तिथे नल असलेले दिवस बेरजेत येत नाहीत, त्यामुळे बेरीज जुळेलच असं नाही.